सकाळी अडणारा कॉम्प्युटर

महाडात खून फारसे होत नाहीत, आणि झाले तरी ते स्नेहल उतेकरकडे येत नाहीत. तिच्याकडे लग्नं येतात. मुलगा मुंबईला खरंच नोकरीला आहे का, खोली स्वतःची की भाड्याची, संध्याकाळी पितो का, असल्या चौकशा करण्यात तिची उमेदीची वर्षं गेली. एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत तिची एक खोली आहे, दारावर ‘खासगी तपास’ अशी पाटी आहे, आणि आत लोकांच्या होणाऱ्या जावयांना कंटाळलेली स्नेहल आहे.

तिच्या जोडीला सोमा शेडगे. एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेला, आता तिची जुनी गाडी चालवणारा. सोमाला विचार करायला वेळ लागतो. मग तो जे काही ठरवतो ते बहुतेक वेळा चुकीचं असतं, पण मनापासून ठरवलेलं असतं.

एप्रिलातली दुपार होती. पंखा गरम हवा इकडची तिकडे करत होता. दार ढकलून नीला महाडिक आत आली आणि न विचारता खुर्चीत बसली. बाजारपेठेत तिचं वधू-वर सूचक केंद्र आहे. स्नेहलची निम्मी कामं तिच्याकडूनच येतात, त्यामुळे तिला कुणी ‘बसा’ म्हणायची गरज नव्हती.

"स्नेहल, मला चोर सापडलाय. तू फक्त पुरावा दे."

"चोर सापडलाय तर मी कशाला, नीलाताई?"

"उद्या संध्याकाळी पोलिसांकडे जाणार आहे. ते पुरावा मागतील."

नीलाताईंनी पदरानं कपाळ पुसलं आणि सगळं ओतलं. एकवीस सालच्या पुरात केंद्रातल्या सगळ्या फायली गेल्या. मुलामुलींच्या पत्रिका, फोटो, सगळ्याचा लगदा झाला. तेव्हापासून त्यांच्या मनात होतं की हे सगळं कॉम्प्युटरवर घ्यायचं. यंदा शिमग्याच्या आधी अक्षदानं ते केलं. अक्षदा म्हणजे केंद्रातली ऑपरेटर, पोलादपूरच्या वरच्या अंगाच्या गावातली. तिनं कुठूनसं एक मोठं डेटाबेसचं सॉफ्टवेअर आणून टाकलं.

"आणि त्या दिवसापासून कॉम्प्युटर मेला," नीलाताई म्हणाल्या. "सकाळी पार्टी येते, स्थळ दाखवा म्हणते, आणि पडद्यावर ते चक्र फिरत बसतं. दोनदा चहा होतो तरी मुलीची माहिती उघडत नाही. दुपारनंतर मात्र घोड्यासारखा पळतो."

"यात चोरी कुठे आली?"

"ऐक ना. आपल्या दोन मुलींच्या घरी मुंबईच्या दुसऱ्या एका केंद्राचे फोन आले. नाव, शिक्षण, उंची, सगळं त्यांना माहीत. फोटोसुद्धा. म्हणजे आपल्या कॉम्प्युटरमधून कुणीतरी माल बाहेर काढतंय. म्हणून तो सकाळी दमतो."

"आणि ते अक्षदाच काढतेय, हे कशावरून?"

नीलाताई पुढं सरकल्या. हा हुकमाचा पत्ता त्यांनी राखून ठेवला होता.

"शिमग्याला अक्षदा पालखीसाठी गावी गेली. जितके दिवस ती नव्हती, तितके दिवस कॉम्प्युटर सकाळीसुद्धा झकास. ती आली आणि पुन्हा रडगाणं सुरू. आणखी काय पाहिजे?"

"आणखी काय पण नको," सोमा कोपऱ्यातून म्हणाला. "पोरगीच हाय."

स्नेहलनं त्याच्याकडं पाहिलं नाही. "तिला काय म्हणालात?"

"कॉम्प्युटरला हात लावू देत नाही. बाकावर बसवलंय, फोन घेते. आणि तिच्या बापाला फोन करून सांगितलं, मुलीच्या हाताला वाईट सवय लागलीय, लक्ष ठेवा."

"पुरावा हातात नसताना?"

नीलाताईंनी मोबाइल पुढं केला. मुंबईच्या केंद्राकडं असलेला फोटो एका मुलीच्या आईनं त्यांना पाठवला होता. हिरव्या साडीतली मुलगी, अंगणात उभी, मागं खुंट्याला बांधलेली शेळी. स्नेहलनं तो फोटो बराच वेळ पाहिला आणि मोबाइल परत दिला.

"उद्या सकाळी येते," ती म्हणाली. तिच्या आवाजात उत्साह असा काही नव्हता. एका पोरीच्या नावाला काळिमा लागायची वेळ आली होती, आणि ती वेळ एका फोननं आली होती, याचा तिला वीट आला होता.

सकाळी केंद्राचं शटर उघडं होतं. एक मुलगी फोटो काढायला बसली होती, मागं निळा पडदा. भिंतीवर लावलेले सगळे फोटोही त्याच निळ्या पडद्यासमोरचे होते. कॉम्प्युटर टेबलावर नव्हता, उंच मांडणीवर होता आणि त्याच्या तारा खाली लोंबत होत्या. पूर आल्यापासून महाडच्या बाजारात कुणी किमती वस्तू गुडघ्याखाली ठेवत नाही.

बाकावर अक्षदा बसली होती. डोळे कोरडे, चेहरा उतरलेला.

"सॉफ्टवेअर तू टाकलंस?" स्नेहलनं विचारलं.

"हो. मोठं आहे, जड आहे, मला माहिताय. सुरुवातीला दिवसभरच पीसी मंद झाला होता. मग मी नको त्या सर्व्हिसेस बंद केल्या, मेमरी किती खायची त्याला मर्यादा घातली. जी जड कामं होती, म्हणजे सगळ्या माहितीची दुसरी प्रत काढणं, यादी नव्यानं लावणं, ती रात्रीवर टाकली. रात्री माणूस नसतं, काय करायचं ते करू दे म्हटलं."

"म्हणजे रात्री कॉम्प्युटर चालू असतो?"

"हो. मी जाताना नुसता स्क्रीन बंद करते. सहाची पोलादपूरची गाडी पकडायची असते. शिमग्याला गेले तेव्हाही भरतकाकांना सांगून गेले, पीसी बंद करू नका, स्क्रीनच बंद करा."

"मग सकाळी का रडतो?"

"नाही कळत, मॅडम. मला बघू दिलं असतं तर शोधलं असतं. घरी बाबा माझ्याशी बोलत नाहीत. जेवण वाढलं की ताट घेऊन बाहेर जातात. मी चोर नाही, पण हे आता सांगू कुणाला?"

सोमानं घसा खाकरला आणि स्वतःच्या चपलेकडं पाहिलं.

भरत हा केंद्रातला मधल्या वयाचा कारकून. तो एका खुर्चीवर चढून भिंतीवरच्या लाल आकड्यांच्या विजेच्या घड्याळाची वेळ लावत होता. आकडे लुकलुकत होते.

"हे रोजचं काम?" स्नेहलनं विचारलं.

"रोजचं. डबडं आहे. भेट आलेलं घड्याळ, दुसरं काय असणार?" तो खाली उतरला. "सकाळी बायजाबाई झाडलोट करतात, मग मी येतो. घड्याळ लावतो, कॉम्प्युटरचं बटण दाबतो, अगरबत्ती लावतो. शिमग्यात तेवढे चार दिवस सुखाचे गेले. घड्याळाला हात लावला नाही, बटणाला हात लावला नाही."

"तुम्ही कॉम्प्युटरवर काय बघता?"

भरत कसनुसा हसला. "दुपारी क्रिकेट. ताईंना सांगू नका. पण त्यानं सकाळी कसा मंद होईल?"

इतक्यात बायजा पाणी घेऊन आली. साठीची, सडपातळ, नाकात मोरणी. तिनं आधी सोमाला पेला दिला, मग स्नेहलला.

"अक्षदा नि मी एकाच गावच्या," ती आपणहून म्हणाली. "पालखीला पण संगतीच गेलो. पोर चांगली हाय गो. माज्या डोळ्यादेखत वाढलीय."

"तुमच्या घरी कोण?"

"कोण नाय. मालक पुरात गेलं. हिकडंच, बाजारातल्या गोदामावर राखण करीत. म्हणून मी हिकडंच काम धरलं." तिनं पेले गोळा केले. "राती शटर मीच ओढतंय. समदं बंद करून जातंय, काय पण चालू ठेवीत नाय. तुमी काळजी करू नका, माज्या राज्यात चोर आत शिरायचा नाय."

शेजारी चांगूचं शिवणाचं दुकान. मशीनवरून मान न उचलता तो म्हणाला, "संध्याकाळी शटर पडलं की आत काहीतरी टीं टीं करतं. थोडा वेळ वाजतं नि मग गप. शिमग्यात मात्र शांत होतं. मला वाटलं, त्यांचा काय तो अलार्म."

सोमाचे डोळे चमकले. बाहेर येताच तो स्नेहलच्या कानाशी आला. "यंत्र लपवलंय आत. त्यातनं मुंबईला पाठवतात. पोरगी नसली की वाजत नाय. जुळलं का नाय?"

"जुळलं," स्नेहल थकून म्हणाली. "पण कुणाशी, ते बघू."

बाजूच्या बोळात विजेचे मीटर आणि मेन स्विच होते. पुरानंतर डोक्याच्याही वर बसवलेले. केंद्राच्या मीटरखाली एक प्लॅस्टिकचं स्टूल होतं, आणि बोळात सगळीकडं धूळ असून स्टुलाचा वरचा भाग मात्र स्वच्छ होता. स्नेहलनं ते पाहिलं आणि गाडीत बसली.

पोलादपूरला सुधीरचं कॉम्प्युटरचं दुकान आहे. केंद्राचा कॉम्प्युटर त्यानंच विकला होता, आणि नवा घ्या म्हणून तो नीलाताईंच्या मागं लागला होता. सोमाच्या हिशेबात आता तोही गुन्हेगार झाला होता. वाटेत त्यानं तसं सांगितलंही.

सुधीरनं खुर्ची पुढं केली. "नवा घ्या म्हणतो ते माझ्या पोटासाठीच, खोटं कशाला बोलू? पण त्या पोरीनं काम बरोबर केलंय. मेमरी कमी आहे तरी चालायला हवं. दुपारी पळतो म्हणता ना? मग मशीन ठीक आहे."

"सकाळीच का अडतं?"

"हे सॉफ्टवेअर नीट बंद केलं तर नीट उठतं. चालू कामात अचानक बंद पडलं, की उठल्यावर आधी स्वतःची झडती घेतं. काय लिहून झालं, काय राहिलं, सगळं तपासतं. मग राहिलेली कामं पुन्हा सुरू करतं. तोवर दुसऱ्या कुणाला दाद देत नाही."

"त्याच्याखाली बॅटरी आहे ना?"

"यूपीएस? आहे, मीच दिलाय. दहा-पंधरा मिनिटं टिकतो. ओरडून सांगतो, आवरा आता. मग संपतो."

स्नेहलनं डोळे मिटून घेतले. परत येताना तिनं गाडीतून एक फोन लावला, हिरव्या साडीतल्या मुलीच्या आईला.

संध्याकाळी केंद्रात सगळे जमले. नीलाताई पर्स काखेत घेऊन तयार होत्या, अर्ज लिहून झाला होता. भरत, अक्षदा, आणि दाराशी झाडू घेऊन बायजा.

"आधी चोरीचं बघू," स्नेहल म्हणाली. "नीलाताई, तुमच्याकडं येणाऱ्या प्रत्येक मुलीचा फोटो तुम्ही कुठे काढता?"

"इथंच. निळ्या पडद्यासमोर."

"आणि कॉम्प्युटरमध्ये तोच असतो?"

"तोच."

"मुंबईहून आलेल्या फोटोत मागं शेळी आहे. तो फोटो या कॉम्प्युटरमध्ये कधी नव्हताच, मग तो इथून चोरणार कसा? मी मुलीच्या आईला विचारलं. मुलीच्या काकानं तो गावाच्या मुंबई मंडळाच्या ग्रुपवर टाकला होता, सगळ्या माहितीसकट. स्थळ बघा म्हणून. तिथून तो त्या केंद्राकडं गेला. दुसऱ्या मुलीचंही गाव तेच, ग्रुप तोच. आपल्याकडं प्रत्येक गावाचं मुंबईत मंडळ आहे आणि प्रत्येक मंडळाचा ग्रुप आहे. चोरी झालेलीच नाही."

नीलाताईंनी काखेतली पर्स टेबलावर ठेवली.

"मग मंद का होतो?" भरतनं विचारलं.

"तुम्हीच सांगितलंत. लाल घड्याळ रोज सकाळी लुकलुकतं. विजेवरचं घड्याळ कधी लुकलुकतं? मधे वीज गेली तर. म्हणजे या खोलीतली वीज रोज रात्री जाते. शेजारी चांगूच्या दुकानात टीं टीं ऐकू येतं, शटर पडल्यावर. तो यूपीएस. वीज गेली म्हणून ओरडतो, मग बॅटरी संपते आणि कॉम्प्युटर काम अर्धं टाकून पडतो. सकाळी उठला की आधी स्वतःला तपासतो, मग रात्रीची राहिलेली सगळी कामं करायला घेतो. ती संपली की दुपारी पळतो."

"पण मी तर चालू ठेवून जाते," अक्षदा म्हणाली. "आणि सकाळी येते तेव्हा चालूच असतो."

"कारण भरत तुझ्या आधी येऊन बटण दाबतात. त्यांना वाटतं, तू रात्री बंद करून गेलीस. शिमग्यात तू सांगून गेलीस तेव्हा बटण दाबावं लागलं नाही, याचं त्यांना सुख झालं, नवल वाटलं नाही. तुम्ही दोघं रोज समोरासमोर बसता, आणि एवढं एक एकमेकांना विचारलं नाहीत."

भरतनं मान खाली घातली.

"तर मग शिमग्यात काय वेगळं होतं?" स्नेहल पुढं म्हणाली. "नीलाताई म्हणतात, अक्षदा नव्हती. खरंय. पण तेव्हा आणखी एक माणूस नव्हतं. त्याच गावचं, त्याच पालखीला गेलेलं. तेव्हा शटर कोण ओढायचं?"

"मीच," नीलाताई हळू म्हणाल्या. "कुलूप लावलं की घरी."

"बोळात मीटरखाली स्टूल आहे. त्यावर रोज कुणीतरी चढतं, म्हणून धूळ बसत नाही."

सगळ्यांच्या माना दाराकडं वळल्या. तोवर बायजाबाईंना कुणी मोजलंच नव्हतं, हे सोमालाही आत्ता कळलं.

"मेन मी बंद करतंय," बायजा म्हणाली. तिला यात लपवण्यासारखं काही वाटत नव्हतं. "रोज करतंय. सकाळी आलं की चालू. त्या डब्याची काच काळी दिसली, मला वाटलं तो बंदच हाय."

"का बंद करता, बायजाबाई?" स्नेहलनं विचारलं. उत्तर काय असेल याचा तिला अंदाज आला होता, आणि विचारताना तिला बरं वाटत नव्हतं.

"आमचं मालक पुरात गेलं ना."

"बुडाले," नीलाताई म्हणाल्या.

"नाय वो. बुडाया पाणी तरी किती होतं, कमरेइतकं. शटर उघडून माल वर टाकाया गेलं. आतला मेन कोणी बंद केला नव्हता. शटरला हात लावला नि तिथंच चिकटलं." तिनं झाडू भिंतीला टेकवला. "तवापासनं चालू मेन टाकून मला घरी जाववत नाय. पावसाळा असो नि नसो. माज्यामुळं पोरीवर आळ आला, ते मला कोणी सांगितलंच नाय गो."

ती अक्षदाकडं बघून बोलली. अक्षदा उठली आणि तिच्याजवळ जाऊन उभी राहिली.

"काकी, तुम्ही मेन बंदच करत जा," ती म्हणाली. "रात्रीची कामं मी दुपारच्या सुट्टीत लावते. जाताना डेटाबेस नीट थांबवून पीसी बंद करते. त्याला काय, कुठल्याही वेळी करेल तो."

सोमा नाक ओढत बाहेर बघू लागला. त्याचं यंत्र, त्याची चोरटी पोरगी, त्याचा सुधीर, सगळं वाया गेलं होतं.

नीलाताईंनी अर्जाची घडी केली, मग फाडला. "अक्षदा, चुकलं माझं. उद्यापासून तू तुझ्या जागेवर बस. झालं ते सोडून दे."

"माझ्या जागेवर बसेन," अक्षदा म्हणाली. "पण सोडून कसं देऊ, ताई? तुम्ही मला इथं काही म्हणाला नाहीत, बाकावर बसवलंत. म्हणालात ते माझ्या घरी. मग हे पण घरीच येऊन सांगा."

"फोन लावते आत्ता."

"फोन नको. फोननंच झालंय सगळं."

नीलाताईंनी स्नेहलकडं पाहिलं. स्नेहल त्यांच्या मदतीला गेली नाही. ती सोमाला म्हणाली, "गाडी काढ."

पोलादपूर सोडून गाडी वर चढली तेव्हा उन्हं डोंगरामागं गेली होती. अक्षदाचा बाप पांडू गोठ्यापुढं म्हशींना वैरण टाकत होता. गाडीतून इतकी माणसं उतरलेली बघून त्याचा चेहरा पांढरा पडला. पोलिसांच्या आधी ही माणसं आली, असंच त्याला वाटलं असणार.

नीलाताई अंगणात उभ्या राहिल्या. त्यांना असं उभं राहायची सवय नव्हती. "पांडूभाऊ, तुमच्या मुलीनं काही चोरलं नाही. चोरी झालीच नव्हती. मी चौकशी न करता तुम्हाला फोन केला. माझी चूक झाली, आणि ती फार मोठी चूक होती."

पांडूनं हातातली वैरण खाली ठेवली.

"बाई, तुमी परक्या," तो म्हणाला. "तुमची चूक झाली ती झाली. पन मी बाप हाय. फोन ठेवला नि मी हिला येक शबुद इचारला नाय. चोरलंस काय, येवढं पन इचारलं नाय. तुमी म्हनलात नि मी धरून चाललो."

तो अक्षदाकडं बघत नव्हता. बायजा, भरत कुणीच नव्हतं इथं तिची बाजू घ्यायला, आणि तिला ती नकोही होती. ती बापासमोर जाऊन उभी राहिली.

"मग आता विचारा," ती म्हणाली.

पांडूनं वर पाहिलं.

"चोरलंस काय गो?"

"नाय बाबा," अक्षदा म्हणाली, आणि इतक्या दिवसांचं कोंडलेलं रडू तिला आलं. "मी कायच नाय चोरलं."